डच शब्दाचा सांधा कुठे असतो?

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की डच शब्द लांबलचक दिसला तरी घाबरू नका, तो तोडता आला की झालं. त्यावर पत्रं आली, ‘तोडायचा कुठे ते कोण सांगणार?’ म्हणून या वेळी सगळा रकाना त्यालाच दिला आहे. डच शब्द कानाला येतात तसे देवनागरीत लिहिले आहेत. त्यांचा ‘जी’ घसा खरवडून निघतो, त्याला जवळचा म्हणून ‘ख’ वापरला आहे. लहान रेघेने तोडलेले भाग फक्त तुमच्या सोयीसाठी. म्हणताना मध्ये थांबायचं नाही.

प्रश्न : ताई, मी डचची ए२ या प्राथमिक पातळीची परीक्षा पास झालो आहे. वाचता येतं, मेल लिहिता येतात. पण ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ‘टोमाटनसूप’ मागितलं की काउंटरवरची बाई हमखास ‘वाट झेख्ट यू?’ म्हणजे ‘काय म्हणालात?’ करते. शब्द तोच, अक्षरं तीच. मग चुकतं कुठे? – स. दे., आम्स्टलव्हेन

उत्तर : अक्षरं बरोबर आहेत, वजन भलतीकडे पडतंय. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही. ‘पातेलं’ म्हणताना ‘पा’ दाबा नाहीतर ‘लं’ दाबा, पातेलं पातेलंच राहतं. आपला कान मात्रांवर पोसलेला: लघू कुठे, गुरू कुठे. डच माणसाचा कान आधी जोराचं अक्षर पकडतो आणि त्याच्या आधाराने शब्द हुडकतो. तुम्ही बहुधा टो-मा-टन-सूप ही चारही अक्षरं सारख्या मापाने टाकत असणार आणि वर ‘सूप’ जरा लांबवत असणार, कारण हवं असतं सूप! तिला जोर हवा ‘मा’वर.

सामासिक नामात जोर पूर्वपदावर, हा मोठा नियम. पण पूर्वपदाच्या पहिल्या अक्षरावर नव्हे. ते पद एकटं असताना त्याचा जोर जिथे असतो तिथेच तो समासातही राहतो. माझ्या संध्याकाळच्या वर्गात निम्मे लोक इथेच घसरतात. ‘टोमाट’ एकटा असताना जोर ‘माट’वर, म्हणून टोमाटनसूपमध्ये तो ‘मा’वर. स्टेशनला ‘स्टाशॉन’ म्हणतात, जोर ‘शॉन’वर, म्हणून स्टेशनसमोरच्या चौकाला, स्टाशॉन्स-प्लेइनला, जोर पुन्हा ‘शॉन’वरच. नगरपालिकेचं कार्यालय म्हणजे ख-मेन-ट-हाउस. त्यातला ‘ख’ उपसर्ग, तो जोर घेतच नाही, जोर ‘मेन’वर. झी-कन-हाउस, म्हणजे हॉस्पिटल, तिथे सरळ ‘झी’वर. आणि तुम्ही पाहुण्यांना घेऊन जाता ते रेइक्स-मुझेयुम? नुसतं ‘मुझेयुम’ असतं तेव्हा जोर ‘झे’वर असतो, पण समासात गेल्यावर मुख्य मान ‘रेइक्स’चा आणि ‘झे’ दुय्यम.

दुय्यम म्हणजे गिळून टाकायचा नाही. झीकनहाउस म्हणताना ‘हाउस’ पूर्ण तोंड उघडूनच म्हणायचं, फक्त खालच्या पट्टीत. सराव असा करा: आधी पूर्वपद एकटं म्हणा, दोन-तीनदा. मग आवाज तिथेच चढवून, पुढे न चढवता, उत्तरपद त्याला लावा. उत्तरपदावर आवाज पुन्हा वर गेला तर समोरच्याला दोन सुटे शब्द ऐकू येतात आणि तो दुसऱ्याच गोष्टीचा विचार करायला लागतो.

आता अपवाद, नाहीतर पुढच्या टपालात ते येतीलच. ‘स्टाट-हाउस’, शहराचं नगरभवन, जोर ‘हाउस’वर. म्हणजे खमेन्टहाउसमध्ये पूर्वपदावर आणि स्टाटहाउसमध्ये उत्तरपदावर, दोन्ही इमारतींचं काम एकच! ‘बुर्ख-मेस्टर’, म्हणजे महापौर, जोर ‘मेस’वर. नववर्षाचं ‘निऊ-यार’, जोर ‘यार’वर. हे पाठच करावे लागतात.

एक अपवाद मात्र नियमासारखा वागतो, आणि कुणी समजावून सांगत नाही म्हणून इथे सांगते. पूर्वपद विशेषण असेल तर त्याला शेवटी ‘अ’ लागलाय का ते बघा. नसेल तर जोर नेहमीसारखा पहिल्यावर: स्नेल-वेख (हायवे), क्लेइन-किन्ट (नातवंड), झ्यूर-कोल (आंबवलेला कोबी). ‘अ’ लागला असेल तर जोर उडी मारून नामावर जातो: प्लाट-अ-लान्ट (ग्रामीण भाग), होख-अ-स्खोल (व्यवसायशिक्षणाचं उच्च महाविद्यालय), ब्लिन्ड-अ-डार्म (आंधळं आतडं, अपेंडिक्स दुखलं की डॉक्टरकडे याच नावाने सांगतात). कोबी पांढरा आंबवलेला असेल तर जोर ‘झ्यूर’वर आणि लाल असेल तर ‘रोड-अ-कोल’, जोर ‘कोल’वर. भाजीवाल्याकडे दोन्ही एकदम मागा, आयता धडा होईल.

आणि एक शब्द तुम्हाला रोज भेटतो: ‘व्होर-नाम’. जोर पहिल्यावर असेल तर फॉर्मवरचं पहिलं नाव. जोर दुसऱ्यावर गेला की अर्थ होतो ‘प्रतिष्ठित, खानदानी’. खिडकीपलीकडची बाई तुमचं नाव विचारत असते, खानदान नाही.

प्रश्न : मुलाकडे आइन्डहोव्हनला राहून आलो. तिथले लोक अ‍ॅमस्टरडॅम म्हणताना शेवटी दाबतात आणि आइन्डहोव्हन म्हणताना सुरुवातीला. हा माझ्या कानाचा भास की खरंच तसं आहे? – वि. ग., सातारा

उत्तर : भास नाही काका, कान पक्का आहे तुमचा. आम्स्टल नदीवर बांध घातला ते आम्स्टरडाम, रॉट नदीवर घातला ते रॉटरडाम. म्हणजे हेही समासच, पण यांत जोर ‘डाम’वर. झानडाम, स्खीडाम, त्याच पंक्तीतले. आम्स्टलव्हेनसुद्धा शेवटी, ‘व्हेन’वर (वरच्या स. दे. यांनी स्वतःच्या गावाचं नाव एकदा तपासून घ्यावं). आइन्डहोव्हन आणि शेजारचं व्हेल्डहोव्हन मात्र पहिल्यावर. गावांच्या नावांना नियम लावत बसू नये. आपल्याकडेही बाहेरचा माणूस गावाचं नाव पाटी वाचून उच्चारतो तेव्हा गावकरी हसतातच की. गाडीतली घोषणा ऐका आणि तशीच म्हणा.

प्रश्न : मुलगी डच शाळेत ‘ख्रूप फीर’मध्ये (चौथ्या गटात) आहे, साडेसात वर्षांची. घरी टाळ्या वाजवत शब्द तोडते आणि ‘बाकर’ (बेकरीवाला) हा शब्द ‘बा-कर’ असा तोडते. शब्दकोशात मात्र दोन ‘के’च्या मधोमध तोडलाय: ‘बाक-कर’. शाळेत शब्दकोशाच्या विरुद्ध का शिकवतात? तिला मी काय सांगू? – एक आई, हार्लेम

उत्तर : तिला काही सांगू नका, ती बरोबर आहे. शब्दकोशही बरोबर आहे. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी तोडल्या आहेत.

शाळेत ज्याला ‘क्लांक-ख्रूप’ म्हणतात तो आवाजाचा तुकडा. मूल कानाने तोडतं. डचमध्ये ‘बाकर’ म्हणताना ‘क’ एकच ऐकू येतो. आपण ‘पक्का’ किंवा ‘चक्कर’ म्हणताना जसा दोनदा दाबतो तसा तिथे दाबत नाहीत. दोन ‘के’ दिसले म्हणून ‘बाक्कर’ म्हणणारा मराठी माणूस लगेच ओळखू येतो. शब्दकोशातला तो ‘लेटर-ख्रेप’, लिहिण्यातला तुकडा, ओळीच्या शेवटी शब्द मोडायचा झाला तर कुठे मोडायचा हे सांगणारा.

मग शाळा आवाजाचा तुकडा का शिकवते? कारण त्यावरून स्पेलिंग निघतं. पहिल्या तुकड्याच्या शेवटी स्वर लांब ऐकू आला की एकच स्वर लिहायचा. आखूड ऐकू आला की पुढचं व्यंजन दोनदा. झाड म्हणजे ‘बोम’, त्यात ‘ओ’ दोनदा लिहितात. अनेकवचन ‘बो-मन’, तुकडा ‘बो’ असा उघडा संपला, स्वर लांब, म्हणून एक ‘ओ’ गळतो. बॉम्बचं अनेकवचन ‘बॉ-मन’, स्वर आखूड, म्हणून ‘एम’ दोन होतात. काही शाळांत गळणाऱ्या अक्षराच्या चोराचं आणि दुप्पट करणाऱ्याचं चित्रच काढून भिंतीवर लावतात. डच स्पेलिंगचं निम्मं अवघडपण या एका तोडण्यात आहे, आणि सात-आठ वर्षांची पोरं ते टाळ्या वाजवत शिकतात. मोठ्यांच्या वर्गात टाळ्या वाजवा म्हटलं की सगळे खाली बघतात!

तुमची खरी गडबड पुढच्या वर्षी होईल, सामासिक शब्द आले की. तिथे टाळ्यांच्या आधी सांधा शोधायचा. ‘आव्हन्ट-एटन’, रात्रीचं जेवण. ‘आव्हन्ट’ म्हणजे संध्याकाळ, लिहिताना शेवटी ‘डी’, पण पद संपलं की डचमध्ये मृदू व्यंजन कठोर होतं, म्हणून उच्चार ‘ट’. पुढे ‘एटन’मधला स्वर आला तरी तो ‘ट’ ‘ट’च राहतो, कारण मधला सांधा बोलणाऱ्याच्या डोक्यात जागा आहे. आता बटाटा घ्या. ‘आर्ड’ म्हणजे जमीन, ‘आपल’ म्हणजे सफरचंद. हिशोबाने उच्चार ‘आर्ट-आपल’ व्हायला हवा. पण रोजच्या ताटातला हा शब्द तोंडात इतका घोळलाय की सांधा बुजलाय आणि लोक सरळ ‘आर-डा-पल’ म्हणतात, ‘ड’सकट. छापताना मात्र सांधा मानावाच लागतो: ‘आर्ड’ अलीकडे, ‘आपल’ पलीकडे. एकाच शब्दात कान एक सांगतो आणि कागद दुसरं.

सांध्यावर दोन व्यंजनं भिडली की काय होतं ते मुलीपेक्षा तुम्हाला लवकर कळेल, शाळेत संधी शिकला असाल तर. ‘झाक’ म्हणजे खिसा, ‘डुक’ म्हणजे कापड. रुमाल मात्र ‘झाग-डुक’, क चा ग. ‘कोक’ आणि ‘बुक’ मिळून पाककृतींचं पुस्तक ‘कोग-बुक’. दिक् + गज = दिग्गज, षट् + रिपू = षड्रिपू, तोच प्रकार. उलटंही होतं: ‘बाड’ (अंघोळ) आणि ‘झाउट’ (मीठ) मिळून ‘बाट-साउट’, दोन्ही कठोर, आपल्या विपत्कालासारखे. फरक एवढाच, की आपण संधी झाली की लिहिणं बदलतो. डच लोक लिहितात जुनंच आणि बोलतात नवं. म्हणून मुलीने रुमालात ‘जी’ लिहिला तर रागावू नका. तिने नीट ऐकलं, सांधा शोधायचा राहिला.

प्रश्न : ‘पानकुक’ (पॅनकेक) लिहिताना मध्ये ‘एन’ आहे, पण कुणीच तो उच्चारत नाही. मग लिहायचा कशाला? – रा. पा., डेल्फ्ट

उत्तर : १९९५ सालापासून लिहायचा, कारण तसं ठरलं. त्याआधी तो ‘एन’ या शब्दात नव्हता. नियम असा झाला, की पूर्वपदाचं अनेकवचन फक्त ‘-एन’ लावून होत असेल तर समासातही ‘एन’ लिहायचा. तवा म्हणजे ‘पान’, त्याचं अनेकवचन तसं होतं, म्हणून पानकुकमध्ये तो शिरला. सूर्य एकच, म्हणून सूर्यप्रकाशात, म्हणजे ‘झॉनस्खेइन’मध्ये, तो नाही. पिवळ्या रानफुलाला ‘पार्डब्लुम’ म्हणतात, शब्दशः घोडाफूल. त्याला १९९५ साली प्राणी-वनस्पतीचा अपवाद म्हणून सूट होती, २००५च्या सुधारणेत तीही गेली. तेव्हा काही वर्तमानपत्रं आणि भाषासंस्था इतक्या चिडल्या की शुद्धलेखनाच्या सरकारी ‘हिरव्या पुस्तका’समोर २००६ साली ‘पांढरं पुस्तक’ निघालं. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून जशी भांडणं होतात तशीच. परीक्षेत हिरवं पुस्तक चालतं. तोडताना तो ‘एन’ डावीकडच्या पदाबरोबर ठेवायचा आणि बोलताना विसरायचा.

प्रश्न : मी पुण्यात डीटीपीचं काम करते. झेलान्ट प्रांतातल्या एका पर्यटन पुस्तिकेची डच पानं लावली. तिकडून फाइल परत आली ती ओळींच्या शेवटी लाल खुणांनी भरलेली. १९५३च्या पुराबद्दलचा एक लांब शब्द सॉफ्टवेअरने ‘वाटर’ आणि ‘स्नोटराम्प’ असा मोडला होता, त्यावर तर दोन उद्गारचिन्हं! मला डच येत नाही. निदान कुठे संशय घ्यायचा ते सांगा. – के. जो., पुणे

उत्तर : उद्गारचिन्हं समजण्यासारखी आहेत. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी १९५३च्या मधल्या रात्री समुद्राने बांध फोडले, नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली, त्यांतली सर्वाधिक झेलान्टमधली. त्या आपत्तीचं नाव ‘वाटर्स-नोट-राम्प’: पाण्याचं संकट, त्याची आपत्ती. मधला ‘एस’ जोडणारा, तो नेहमी डाव्या पदाचा. तुमच्या सॉफ्टवेअरने तो उजवीकडे ढकलला आणि ‘स्नोट’ तयार झालं. लिहिण्यात त्याचा अर्थ होतो ‘दुष्ट, नीच’. झेलान्टच्या माणसाला ते वाचणं सहन होणार कसं?

यंत्र अक्षरांचे ठोकताळे बघून तोडतं. साध्या शब्दात ते चालतं. समासात सांधा आधी, बाकीचे नियम नंतर. सांधा कळण्यासाठी अर्थ कळावा लागतो आणि यंत्र तिथेच फसतं. ‘व्हाल-काउल’ म्हणजे सापळ्याचा खड्डा. तोच शब्द ‘व्हाल्क-आउल’ तोडला की ससाणा-घुबड. ‘क्वार्ट-स्लाखन’ म्हणजे पाव फेरे, ‘क्वार्ट्स-लाखन’ म्हणजे क्वार्ट्‌झचे थर. मसाजचं टेबल ‘मासाझ-बेड’, पण ‘मासा-खबेड’ तोडलं की सामुदायिक प्रार्थना. इथे तर ‘जी’चा उच्चारही बदलतो. डच लोक हे विनोद म्हणून एकमेकांना पाठवतात. आपणही लहानपणी ‘बालकवी’ हे नाव ‘बालक-वी’ असं वाचणाऱ्याला हसलोच आहोत.

डच न येता काम करायचं तर संशय इथे घ्या. शब्द मोठा असेल आणि मोडण्याच्या जागेजवळ ‘एस’ असेल, तर तो डावीकडे की उजवीकडे हे शब्दकोशात बघा. डच भाषामंडळाची अधिकृत शब्दयादी इंटरनेटवर फुकट आहे, तीत प्रत्येक शब्दाचे तुकडे ठिपक्यांनी दाखवलेले असतात. दोन ‘एस’ शेजारी आले तर एक खोडू नका. ‘दॉर्प्स-स्ट्राट’, गावातला मुख्य रस्ता, त्यात दोन्ही हवेत. ओळीच्या शेवटी किंवा सुरुवातीला एकटं अक्षर कधी सोडू नका. स्वरावर दोन टिंबं असतील आणि शब्द नेमका तिथेच मोडला, तर टिंबं काढून टाका, कारण ती सांगायला होती की इथे नवा तुकडा सुरू होतो. ते काम आता रेघेने केलं. ‘ओमाट्य’ म्हणजे छोटीशी आजी, त्यात ‘ए’ दोनदा लिहितात. शब्द ‘ओमा’नंतर मोडला की एक ‘ए’ गळतो. सॉफ्टवेअर हे सहसा करत नाही. हाताने करा.

कायमची रेघ वेगळी. ‘औटो-ऑनखलुक’ (मोटार-अपघात) किंवा ‘झे-एन्ट’ (समुद्री बदक) यांत दोन स्वर भिडतात म्हणून रेघ शब्दातच आहे, ओळ कुठेही संपो. ती काढलीत तर पुन्हा लाल खूण.

आणि जागा पुरत नाही म्हणून सामासिक शब्दाचे दोन सुटे शब्द करू नका. तिकडे या रोगाला ‘इंग्रजी आजार’ म्हणतात. पाट्यांवर ‘महानगर पालिका’ वाचून ज्यांचं डोकं उठतं त्यांना तो आजार वेगळा समजावून सांगायला नको.

प्रश्न : नाम ‘नोटलॉट’ (नियती) म्हणताना जोर पहिल्यावर, पण त्याचं विशेषण झालं की सर म्हणतात दुसऱ्यावर द्या. सर चुकत तर नाहीत? – म. शि., उट्रेख्ट

उत्तर : सर बरोबर आहेत. ‘नोट-लॉट’, जोर ‘नोट’वर, ‘नोट-लॉ-टख’ (घातक), जोर ‘लॉ’वर. राजधानी ‘होफ्ट-स्टाट’, जोर ‘होफ्ट’वर; राजधानीचं म्हणजे ‘होफ्ट-स्टे-डलक’, जोर ‘स्टे’वर. समासाला ‘-अख’ किंवा ‘-अलक’ प्रत्यय लागला की तो जोराला स्वतःच्या अगदी आधीच्या अक्षरावर ओढतो. समास नसलेल्या साध्या शब्दात असं होत नाही: ‘व्हाडर’ (वडील), ‘व्हाडरलक’ (वडिलांसारखं), दोन्हीकडे ‘व्हा’वरच.

क्रियापदांबद्दलची पत्रं बाजूला ठेवली आहेत. ‘व्होरकोमन’ पहिल्यावर जोर देऊन म्हटलं तर ‘आढळणे’, ‘को’वर दिला तर ‘टाळणे’. त्यांचा कारभार नामांपेक्षा निराळा आहे, तो पुढच्या अंकात. प्रश्न पाठवताना शब्द कुठे ऐकला तेही लिहा. दुकानात की बातम्यांत, यावरून पुष्कळ कळतं.